पोहणे : व्यायाम आणि जिवाची राखण
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पोहणे आणि आरोग्य’ हा विषय वाचून तुमच्यापैकी काही जणांना हसू आले असेल. कृषिविद्येच्या प्राध्यापकाने पेरणीचे अंतर, तणांचे नियंत्रण, पाण्याच्या पाळ्या यांवर बोलावे. पोहण्याचे त्याला काय? शिवाय ज्यांचे बालपण विहिरीत मुटके मारण्यात गेले, त्यांना पोहणे कोणी सांगावे? परंतु हा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे. आपण पिकाच्या मुळाशी किती पाणी द्यावे याचा हिशेब करतो, पण त्याच पाण्याचा आपल्या शरीराला काय उपयोग होतो आणि त्यापासून कोणता धोका आहे, याचा हिशेब सहसा करीत नाही. गेल्या काही वर्षांत शिवाराशिवारांत शेततळी झाली. पाणी घराजवळ आले, पण पोहता येणारी मुले मात्र कमी झाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय घडते, हे आपण उन्हाळ्याच्या सुटीत वर्तमानपत्रांत वाचतोच.

प्रथम आरोग्याचा भाग घेऊ.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला?

“दिवसभर शेतात राबतो, आणखी व्यायाम कशाला?” हा प्रश्न दर मेळाव्यात येतो. प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या बाबी आहेत. खुरपणीला बसलेली बाई चार-पाच तास एकाच बैठकीत असते. भात लावणारा माणूस कंबरेत वाकलेला असतो. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेतला की सगळा भार खांद्यावर आणि कमरेवर येतो. ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या पाठीच्या मणक्यांना दिवसभर हादरे बसतात. या सर्व कामांत शरीराचे ठराविक भाग झिजतात आणि बाकीचे भाग तसेच आखडून राहतात. हृदय आणि फुप्फुसे यांना सलग वीस-तीस मिनिटे एका लयीत काम मिळत नाही. ऊसतोडीसारखी कामे सोडली तर दम लागेल असे काम आता शेतात थोडेच उरले आहे.

दुसरे असे की, शेतीतील कष्टाचे स्वरूपही बदलले. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते, ठिबकचा कॉक फिरविला की पाणी सुरू होते आणि मोटार तर घरी बसून मोबाईलवरून चालू करता येते. हे चांगलेच झाले. बैलामागे दिवसाला कित्येक किलोमीटर चालणारा शेतकरी आता बांधापर्यंतही मोटारसायकलवर जातो. आहार मात्र फारसा घटला नाही, उलट साखर, तेल आणि बेकरीचे पदार्थ वाढले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आढळले. ग्रामीण भागात मधुमेहाचे प्रमाण शहरापेक्षा कमी असले, तरी ते ८.९ टक्के आहे. म्हणजे शंभर माणसांच्या मंडपात आठ-नऊ जण मधुमेही असणार, आणि त्यातल्या काहींना ते माहीतही नसणार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. चालणे, सायकल, पोहणे यांपैकी काहीही चालते. मग पोहण्याचीच शिफारस मी का करतो?

पाण्यात शरीराचे काय होते?

पाण्यात उतरल्यावर अंग हलके होते हे सर्वांना माहीत आहे. ते किती हलके होते, ते पाहा. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवर येणारा भार सुमारे निम्म्यावर येतो. छातीइतक्या पाण्यात तो एक-तृतीयांशाच्या आसपास राहतो आणि मानेपर्यंत पाणी असल्यास सुमारे एक-दशांश. साठ किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना कमरेइतक्या पाण्यात तीस किलोचाच भार जाणवतो. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना डॉक्टर चालायला सांगतात पण चालवत नाही, अशा माणसांना पाण्यात व्यायाम करता येतो तो यामुळेच. त्यांना पोहता आलेच पाहिजे असेही नाही. छातीइतक्या शांत पाण्यात, सोबतीला माणूस ठेवून, नुसते मागे-पुढे चालले तरी मांड्यांच्या स्नायूंना चांगले काम मिळते.

याची दुसरी बाजू अशी की, पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. त्यामुळे हात-पाय मारताना प्रत्येक दिशेला विरोध होतो. व्यायामशाळेत वजने उचलून जे साधायचे, ते येथे पाणीच करते. शिवाय ते झटका देत नाही. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढाच विरोध. पोहताना खांदे, छाती, पाठ, पोट, मांड्या आणि पोटऱ्या असे सर्व मोठे स्नायू आलटून पालटून काम करतात. खुरपणीत किंवा फवारणीत पुढे वाकून राहिलेली पाठ पोहताना लांब ताणली जाते. विशेषतः उताणे पोहण्यात छाती उघडते आणि खांदे मागे जातात. शेतातल्या कामाच्या नेमकी उलट अशी ही हालचाल आहे, आणि म्हणून कमरेच्या साध्या दुखण्यात तिचा उपयोग होतो. मात्र कंबरदुखी पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

छातीवर पाण्याचा दाब असल्यामुळे श्वास आत घेताना थोडे जास्त बळ लागते आणि श्वास पाण्यात सोडावा लागतो. त्यामुळे श्वासाचे स्नायू मजबूत होतात आणि श्वासाला लय येते. हा दाब पायांतील रक्त हृदयाकडे परत जाण्यासही मदत करतो. नियमित पोहणाऱ्याचे हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी नाडी सावकाश चालते. रक्तदाब काही प्रमाणात उतरतो आणि रक्तातील साखर स्नायूंत वापरली जाते. झोप चांगली लागते, हा फायदा तर पहिल्या आठवड्यातच कळतो. कर्जाचा, भावाचा, पावसाचा घोर डोक्यात असलेल्या माणसाला अर्धा तास दुसरे काही सुचू न देणारा व्यायाम मिळणे हीही लहान गोष्ट नाही.

वजन कमी करण्यासाठी पोहायचे असेल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. साठ किलोचा माणूस मध्यम गतीने अर्धा तास पोहला तर सुमारे १८० किलोकॅलरी खर्च होतात. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी जवळजवळ तेवढीच ऊर्जा देते. आणि पोहून आल्यावर भूक सपाटून लागते! तेव्हा पाण्यात घालविलेली एक भाकरी ताटात तीन होऊन परत आली, तर दोष पोहण्याला देऊ नये.

पोहण्यात सर्व काही आहे असेही मी म्हणणार नाही. अंगाचा भार पाणी उचलत असल्यामुळे हाडांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. हाडे बळकट राहायची तर पायी चालणे, ओझे उचलणे हवेच. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र चालणे आणि ओझे हा भाग शेतात होतोच. राहिलेली बाजू पोहण्याने भरून निघते.

पाण्यातला व्यायाम कोठपर्यंत नेऊ शकतो याचे आपल्याकडील उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला. बरे होण्यासाठी म्हणून त्यांनी पोहणे धरले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला पदक नको आहे, पण गुडघा दुखतो म्हणून व्यायाम सोडून खाटेवर बसणाऱ्याने हे उदाहरण आठवावे.

मात्रा किती?

युरिया आपण सगळा एकदम देत नाही, हप्त्याने देतो. व्यायामाचेही तसेच आहे. ज्याला पोहता येते पण बरीच वर्षे सोडले आहे, त्याने पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा मिनिटेच पोहावे. थोडे अंतर पोहायचे, काठाला धरून दम घ्यायचा, पुन्हा पोहायचे. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. साधारण दीड-दोन महिन्यांत अर्धा तास होतो. असे पाच दिवस झाले की शिफारशीतली १५० मिनिटे भरली. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत दम लागावा. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड यांपैकी काही झाले तर ताबडतोब बाहेर यावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरू नये.

सकाळी कामाला जाण्यापूर्वी किंवा संध्याकाळी उजेड असेपर्यंत, या दोन वेळा चांगल्या. दुपारी घामाघूम अंगाने गार पाण्यात एकदम उडी टाकू नये. गार पाण्याचा धक्का बसला की माणूस आपोआप मोठा श्वास घेतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. आधी पाय, मग मान आणि छाती ओली करून उतरावे. भरल्या पोटी पोहणे जड जाते. आणि दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. उन्हाळी सहली आणि गणपती विसर्जनाच्या वेळच्या कित्येक दुर्घटनांमागे हे कारण असते.

ज्यांना फिट्स येतात त्यांनी एकट्याने कधीही पाण्यात जाऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर पोहताना एकदम उतरू शकते. त्यांनी उपाशी पोहू नये आणि काठावर गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी. कान फुटून वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत पाण्यात बुडी नको.

पोहणे मागे का पडले?

पूर्वी पोहायला शिकविण्यासाठी कोणी शिक्षक नेमलेला नव्हता. चुलता किंवा थोरला भाऊ पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचा. आठ-पंधरा दिवसांत पोरगे पोहू लागायचे. पद्धत जरा दांडगाईची होती. त्यातून काही मुलांना पाण्याची जन्माची भीती बसली हेही खरे. पण गावातली बहुतेक मुले पोहायला शिकत होती.

आता तसे राहिले नाही. भूजल खाली गेले, मोटेच्या जुन्या विहिरी कोरड्या पडल्या आणि त्यांची जागा बोअरने घेतली. सहा इंची बोअरमध्ये कोण पोहायला शिकणार? नद्यांचे डोह एकतर वाळूने भरले किंवा वाळू काढून खोल खड्डे झाले, आणि कित्येक ठिकाणी पाणी अंगाला लावण्याजोगे राहिले नाही. मी वर्गात नव्या विद्यार्थ्यांना दरवर्षी विचारतो, पोहता कोणाकोणाला येते? शेतकऱ्यांची मुले असूनही बरेच हात खालीच राहतात. मुलींचे तर एखाद-दोन हात वर येतात.

मुलींविषयी थोडे अधिक बोलतो. घाटावर कपडे धुणे, गुरांना पाणी दाखविणे, शेततळ्यातून घागर भरणे ही कामे बायका-मुलींकडे आहेत. म्हणजे पाण्याच्या काठाशी जास्त वेळ त्या असतात आणि पोहणे मात्र फक्त मुलग्यांना शिकविले जाते. पोर पाण्यात पडले म्हणून आई धावली, आई बुडाली म्हणून मावशी धावली, अशा एकाच घरातील दोन-तीन जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मुलीला पोहायला पाठवायला लाज वाटत असेल तर वेगळी वेळ ठेवा, आई किंवा आजी काठावर बसू द्या, अंगात घट्ट पायजमा आणि आखूड सदरा घाला. पण शिकवा. साडी आणि ओढणी पाण्यात पायांना गुंडाळते, हेही त्यांना सांगून ठेवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशात ३५ हजारांहून अधिक माणसे अपघाताने बुडून मरण पावली. बांगलादेशात, जेथे घराघरापाशी पोखर असते, तेथे यावर एक मोठा प्रयोग झाला. गावच्या तळ्यातच बांबूचे मचाण आणि कठडा बांधून उथळ चौकट तयार केली, गावातल्याच तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार केले आणि चार वर्षांवरील मुलांना पोहणे, तरंगणे आणि दुसऱ्याला वाचविणे शिकविले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. तलाव नाही, टाइल्स नाहीत, तिकीट नाही. बांबू आपल्याकडेही आहे.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा. चैत्र-वैशाखात पाणी कमी आणि कोमट असते, शाळेला सुटी असते, तोच हंगाम धरावा. जागा अशी हवी की मूल उभे राहिले तर पाणी त्याच्या छातीच्या वर जाणार नाही, तळ पायाला लागेल आणि चिखल नसेल. तालुक्याच्या गावी किंवा जवळच्या महाविद्यालयात पोहण्याचा तलाव असेल तर सर्वांत उत्तम. पहिले दोन दिवस फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, बुडबुडे काढायचे. मग काठ धरून पाय मारायचे. त्यानंतर उताणे होऊन तरंगायला शिकायचे. हा भाग घाईने उरकू नका. दमलेला माणूस उताणा तरंगू शकला तर तो वाचतो, हात-पाय कितीही जोरात मारता येत असले तरी दम संपला की उपयोग नाही. तरंगणे जमले की हात आणि पाय एकत्र. पंचवीस मीटर न थांबता पोहता आले आणि जागच्या जागी दोन-तीन मिनिटे तरंगता आले की मग खोल पाण्याचा विचार करावा, आणि तोही सोबतीने. भोपळा किंवा डबा बांधायचाच असेल तर दोरी सुटणार नाही अशी बांधावी. ट्यूबवर भरवसा ठेवून खोल पाण्यात जाणारे मूल ट्यूब निसटली की जागेवर बुडते.

कोठे उतरू नये?

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला, तो भाग.

शेततळे ही पोहण्याची जागा नाही. हे वाक्य घरी जाऊन मुलांसमोर म्हणा. २०१६ पासून मागेल त्याला शेततळे योजनेमुळे तळ्यांची संख्या पुष्कळ वाढली आणि कोरडवाहू भागातील फळबागा त्यावर तगल्या, यात शंका नाही. पण अस्तरीकरण केलेल्या तळ्याची रचना पाहा. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोलीचे आणि एकास एक उताराचे तळे पूर्ण भरले की त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. एकास एक उतार म्हणजे काठापासून दोन पावले गेले की पाणी डोक्यावर. त्यावर पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, आणि कागदावर महिनाभरात धरणारे शेवाळ. या उतारावर पाय ठरत नाही, बोटांना पकड मिळत नाही. मूल हात-पाय धुवायला किंवा बाटली भरायला खाली वाकते, घसरते आणि सरळ आत जाते. पट्टीचा पोहणारासुद्धा येथून दोराशिवाय बाहेर येऊ शकत नाही. तो दमेपर्यंत काठालाच पोहत राहतो. म्हणून पोहता येते, एवढ्यावर शेततळ्यात विसंबू नये.

यावर उपाय कुंपण आणि दोर हा आहे. चारी बाजूंनी निदान पाच फूट उंचीची जाळी, एकच फाटक आणि त्याला कुलूप. चारी उतारांवर जाड नायलॉनचे दोर सोडावेत, दर फुटावर एक गाठ मारावी आणि दोराचे टोक तळापर्यंत न्यावे. दोराचे वरचे टोक कागद पुरलेल्या चरीच्या बाहेर पक्क्या खांबाला बांधावे, म्हणजे कागद फाटत नाही. दोराला जुने टायर अडकविले की पायाला पायरी मिळते. टायरमधून तारा बाहेर आलेल्या नसाव्यात, नाहीतर त्या कागदाला छिद्र पाडतील. काठावर एक लांब बांबू आणि दोरीला बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन कायम ठेवावा. कागदावर आपण एवढा खर्च करतो, त्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. दोर उन्हाने कुजतो, म्हणून दर उन्हाळ्यात तो ओढून पाहावा.

कालव्याचेही तसेच. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू गुळगुळीत असतात, वेग काठावरून दिसतो त्यापेक्षा जास्त असतो आणि पुढे दरवाजा, मोरी किंवा जलसेतू येतो. आवर्तन सुरू असताना कालव्यात पोहू नये. नदीत वाळू काढलेल्या जागी गुडघाभर पाण्याच्या पुढच्याच पावलाला पुरुषभर खड्डा असतो. मागच्या वर्षी जेथे उथळ होते तेथे या वर्षी तसे असेलच असे नाही.

विहिरीत पोहायचे तर वीजपंपाचा मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून मगच उतरावे. जुनी, जोड दिलेली केबल पाण्यात असली की विजेचा धक्का बसून पोहणारा मरतो, आणि वरच्याला वाटते तो बुडाला. बऱ्याच दिवसांत न उपसलेल्या खोल विहिरीत किंवा जेथे आत डिझेल इंजिन चालविले आहे तेथे विषारी वायू साठलेला असू शकतो. तेथे कोणीही उतरू नये. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा बांधणे हे काम तर पुढच्या हंगामापर्यंत ढकलूच नये. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोहणे पूर्णपणे बंद ठेवावे. नारूचा रोग पायऱ्यांच्या विहिरींतूनच पसरत असे. जंत बाहेर आलेला माणूस पाण्यात उतरायचा आणि तेच पाणी गाव प्यायचे. सन २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला, पण ज्या सवयीने तो पसरला ती सवय दुसरे रोगही पसरवितेच.

पाण्याचा रंग पाहावा. शेतातून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद साचलेल्या पाण्यात गेले की नील-हरित शेवाळ माजते, पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखा दिसतो. यातील काही जाती विषारी असतात. असे पाणी गुरांनाही दाखवू नये. फवारणी पंप ज्या पाण्यात धुतले, ज्या हौदात विद्राव्य खते कालवली, तेथे पोहणे नको. कीटकनाशके कातडीतूनही शरीरात जातात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून येणारा लेप्टो हा रोग असतो, कोकणातील शेतकऱ्यांना तो चांगलाच माहीत आहे. पायाला जखम असेल तर अशा पाण्यात उतरू नये. उन्हाळ्यात आटून कोमट झालेल्या डबक्यांत क्वचित एक अमिबा असतो, तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. केरळमध्ये २०२४ मध्ये यामुळे मुले दगावली. हा आजार फार विरळा आहे, पण डबक्यात उड्या मारून नाकात पाणी घालू नये एवढे तरी मुलांना सांगावे.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या रेषेत वर-खाली होत असते, हात पाण्यावर दाबले जातात आणि मिनिटाभरातच तो खाली जातो. अशा वेळी धावत जाऊन उडी मारू नये. बुडणारा वाचविणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. प्रथम आरडाओरडा करून माणसे गोळा करा. बांबू, दोर, ठिबकची नळी, पटका, साडी, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाका आणि स्वतः आडवे पडून किंवा मागून कोणाला तरी धरायला लावून ओढा. रिकामा कॅन फेकला तरी तो धरून तरंगतो.

बाहेर काढल्यावर माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोटावर दाबून पाणी काढणे हे प्रकार बंद करा. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी उलटून श्वासनलिकेत जाते. त्याला सपाट जागी उताणे निजवा. तो हाकेला ओ देतो का, छाती हलते का ते पाहा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. श्वास नसेल तर डोके थोडे मागे करून हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने दोन वेळा श्वास द्या. नंतर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत किंवा तो श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नका. दरम्यान दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला, बोलू लागला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात पाणी गेले असेल तर काही तासांनी त्रास सुरू होतो.

हे तोंडाने ऐकून जमत नाही, हाताने करून पाहावे लागते. मंडपाच्या उजव्या बाजूला आमच्या विद्यार्थ्यांनी छाती दाबण्याचा सराव करण्यासाठी उशी आणि चटई ठेवली आहे. त्याच्या शेजारी मातीच्या उतारावर शेततळ्याचा जुना कागद अंथरून त्यावर पाणी आणि साबण टाकला आहे आणि दोर, गाठी व टायर बांधून ठेवले आहेत. चहाच्या सुटीत आधी दोर न धरता त्या उतारावर चढून पाहा, मग दोर धरून चढा. ज्यांच्याकडे अस्तराचे तळे आहे त्यांनी दोराची जाडी आणि गाठीतील अंतर वहीत लिहून घ्यावे. काही प्रश्न असतील तर मी तेथेच उभा आहे.